शालेय मंडळ (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणारी, बहुधा लोकनिर्वाचित असलेली स्थानिक संस्था. शिक्षण हा विषय तेथील राज्यघटनेने संघराज्याकडे न सोपविल्यामुळे तो घटक राज्यांच्या अखत्यारीत राहिला व राज्यांनी तो अशा मंडळांच्या कारभाराखालील शालेय जिल्ह्यांच्या हवाली केला; १९३० च्या सुमारास लाखाहून अधिक असलेले हे जिल्हे विलीनीकरणामुळे आता सुमारे १३,००० उरले आहेत. हवाई राज्यात मात्र एकच जिल्हा आहे.

अधीक्षकाची नेमणूक, अंदाजपत्रकास मंजुरी आणि पुष्कळ ठिकाणी स्थावर मालमत्तेवरील कराची आकारणी हे अधिकार मंडळाकडे असल्यामुळे, त्याच्या खुल्या बैठकांची कार्यक्रमपत्रिका व जमाखर्च बारकाईने वाचणारा नागरिक हाच त्याचा खरा तपासनीस होय. स्त्रियांच्या राजकीय हक्काची सुरुवातीची काही पावलेही याच क्षेत्रात पडली, ही गोष्ट विशेष गौरवाची आहे: केंटकीने १८३८ मध्ये काही विधवांना, तर मॅसॅचूसेट्सने १८७९ मध्ये स्त्रियांना शालेय निवडणुकीत मताधिकार दिला.

या निवडणुका बहुतेक पक्षचिन्हाविना होतात. परंतु इतर मोठ्या निवडणुकांपासून अलग ठेवल्या गेल्यास मतदान अल्प होते आणि संघटित गटांचे वजन अवाजवी वाढते, हा दोष उपेक्षणीय नाही. म्हणून लॉस एंजेलिसने २०२० पासून आपल्या मंडळाच्या सात सदस्यांची निवडणूक सम वर्षांत, म्हणजे मोठ्या निवडणुकांबरोबर, आणली. बॉस्टनमध्ये तर १९९२ पासून निवडणूकच नाही. तेथील सदस्य महापौर नेमतात.