विद्युत् मोटारगाडी उद्योग, महाराष्ट्रातील

संचायक विद्युत् घटमालेत साठविलेली ऊर्जा चलित्राला पुरवून जिची चाके फिरविली जातात, अशा मोटारगाडीच्या निर्मितीचा उद्योग. भारतात या उद्योगाचे पहिले व्यापारी प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीस झाले आणि २०२० नंतर महाराष्ट्रात त्याला मोठ्या कारखानदारीचे रूप आले. अमेरिकेत या उद्योगाची वाढ मुख्यतः नव्याने स्थापन झालेल्या कंपनीने घडविली. महाराष्ट्रात तो जुन्या मोटारउद्योगाच्या पोटातच वाढला. साहजिकच नोकरीची शाश्वती, कारखान्याच्या विस्ताराचे स्थान व भांडवल आणि ग्राहकांचा विश्वास हे जुन्या उद्योगाचे तिन्ही प्रश्न त्याच्याकडे वारशाने आले. सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहतींपासून नाशिक रोड व देवळाली कॅम्पपर्यंत पसरलेल्या नाशिक परिसरात हे प्रश्न विशेष ठळकपणे दिसतात. कारण येथील कारखानदारीचा मोठा भाग डीझेल एंजिन व त्याचे सुटे भाग यांवर उभा आहे.

पूर्वपीठिका : विद्युत् मोटारगाडी ही कल्पना नवी नाही. १९०० च्या सुमारास अमेरिकेतील मोटारगाड्यांपैकी सु. एक-तृतीयांश गाड्या विजेवर चालत. पेट्रोल स्वस्त झाले, १९१२ मध्ये विजेवर चालणारा एंजिन-प्रारंभक आला आणि शिसे-अम्ल घटमालेचे वजन व अल्प पल्ला हे दोष तसेच राहिले. त्यामुळे पुढील दोन दशकांत ही गाडी मागे पडली. लिथियम-आयन घटमाला १९९१ मध्ये बाजारात आल्यावर तिच्या पुनरागमनाचा मार्ग मोकळा झाला.

भारतात महिंद्र अँड महिंद्र या कंपनीने १९९९ मध्ये ‘बिजली’ नावाचे तीनचाकी वाहन तयार केले. परंतु त्याला पुरेशी मागणी मिळाली नाही व काही वर्षांतच ते बंद करावे लागले. बंगळूर येथील मैनी उद्योगसमूहाने एका अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने विकसित केलेली ‘रेवा’ ही दोन दारांची छोटी गाडी २००१ मध्ये बाजारात आली. शिसे-अम्ल घटमालेवर ती एका भारणात सु. ८० किमी. चाले. लंडनमध्ये ‘जी-विझ’ या नावाने ती बऱ्यापैकी खपली. मात्र तेथील नियमांनुसार ती मोटारगाडीऐवजी हलकी चारचाकी या वर्गात मोडत असे आणि २००७ मध्ये झालेल्या आघात-चाचणीनंतर तिच्या सुरक्षिततेविषयी शंका घेण्यात आल्या. मे २०१० मध्ये महिंद्र कंपनीने रेवा कंपनीचे ५५·२ टक्के भाग विकत घेण्याचे जाहीर केले. तिची पुढील आवृत्ती ‘ई-टू-ओ’ या नावाने मार्च २०१३ मध्ये विक्रीस आली. तिचाही खप अल्पच राहिला.

नाशिकची औद्योगिक घडण : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतर सातपूर व अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९७० च्या सुमारास मायको (नंतरची बॉश) या कंपनीने सातपूर येथे डीझेल एंजिनात इंधन फवारणारी उपकरणे बनविण्यास प्रारंभ केला. १९८० नंतर महिंद्र कंपनीचा मोटारकारखानाही नाशिकला आला. १९९६ मध्ये फोर्ड कंपनीच्या भागीदारीत ‘एस्कॉर्ट’ ही गाडी येथे जुळविली जाऊ लागली. २००२ मध्ये ‘स्कॉर्पिओ’चे व २००७ मध्ये फ्रान्सच्या रेनो कंपनीच्या सहकार्याने ‘लोगन’चे उत्पादन येथे सुरू झाले. या मोठ्या कारखान्यांना यंत्रण केलेले भाग, ओतकाम, पत्र्याचे दाबकाम व रबरी भाग पुरविणारे शेकडो लघुउद्योग आसपास वाढले. ‘एक्सयूव्ही ४००’ ही महिंद्रची विद्युत् गाडी जानेवारी २०२३ मध्ये विक्रीस आली. तिचे उत्पादनही नाशिकलाच, ‘एक्सयूव्ही ३००’ या एंजिनाच्या गाडीबरोबर होऊ लागले. एकाच आवारात दोन्ही प्रकारच्या गाड्या तयार होणे हे महाराष्ट्रातील या स्थित्यंतराचे वैशिष्ट्य होय.

कारखान्यांचा विस्तार : केंद्र शासनाने एप्रिल २०१५ मध्ये विद्युत् वाहनांना अर्थसाहाय्य देणारी योजना सुरू केली. १०,००० कोटी रुपयांचा तिचा दुसरा टप्पा एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ असा चालला. ऑगस्ट २०१९ मध्ये या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. महाराष्ट्र शासनाने २०१८, २०२१ व २०२५ मध्ये विद्युत् वाहन धोरणे जाहीर केली; २०२१ च्या धोरणात २०२५ पर्यंत नव्या वाहननोंदणीत विद्युत् वाहनांचे प्रमाण १० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट होते.

खासगी भांडवलाचा मोठा ओघ याच काळातला. टाटा मोटर्सची ‘नेक्सॉन’ ही विद्युत् गाडी जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिचे उत्पादन पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे होऊ लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटांच्या विद्युत् वाहन व्यवसायात ७,५०० कोटी रुपयांची परकीय गुंतवणूक ठरली. जुलै २०२२ मध्ये महिंद्रने विद्युत् गाड्यांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापण्याचे जाहीर केले आणि एका ब्रिटिश वित्तसंस्थेने तीत १,९२५ कोटी रुपयांपर्यंत भांडवल घालण्याचे मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महिंद्रच्या पुणे जिल्ह्यातील १०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पास राज्य शासनाची मान्यता मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्रकल्पातील पहिल्या दोन गाड्या सादर झाल्या व मार्च २०२५ पासून त्या चाकणहून ग्राहकांकडे जाऊ लागल्या. सांगाडा जोडण्याचे काम तेथे मुख्यतः यंत्रमानवांकडे आहे. नाशिकच्या दृष्टीने या विस्ताराची दिशा महत्त्वाची ठरली. विद्युत् गाडीचे पहिले काम येथे मिळाले, परंतु मोठी नवी गुंतवणूक चाकणला गेली.

कामगारविषयक प्रश्न : महाराष्ट्रातील मोटारउद्योगाला कामगारतंट्यांचा दीर्घ इतिहास आहे. पुण्याच्या टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) कारखान्यात १९८८–८९ मध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखालील संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात मोठा संघर्ष झाला. व्यवस्थापनाने दुसऱ्या संघटनेशी वेतनकरार केल्यावर सप्टेंबर १९८९ मध्ये कामगारांनी शनिवारवाड्यापुढे सामुदायिक उपोषण केले व पोलिसांनी त्यांना रात्रीच्या वेळी अटक करून ते मोडून काढले. १९७१ च्या राज्य कायद्यानुसार किमान ३० टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मिळू शकते. तथापि करार कोणाशी करावयाचा, हा वाद कायद्याने पूर्णपणे मिटला नाही. नाशिकच्या महिंद्र कारखान्यातही मे २००९ मध्ये संघटनेच्या पदाधिकाऱ्याच्या निलंबनावरून संप झाला आणि ‘स्कॉर्पिओ’, ‘झायलो’ इ. गाड्यांचे उत्पादन थांबले.

हे तंटे वेतन, मान्यता व शिस्तभंगाची कारवाई यांविषयीचे होते. विद्युत् गाडीने उपस्थित केलेला प्रश्न याहून निराळा आहे. अंतर्ज्वलन एंजिनात दट्ट्या, झडपा, भुजादंड, इंधनपंप, फवारक इ. शेकडो फिरते व घासणारे भाग असतात. विद्युत् चलित्रात असे भाग मोजकेच असतात. धुराडे, इंधनटाकी व अनेक दातेचक्रांची पेटी यांचीही तिला गरज नसते. सूक्ष्म यंत्रणाचे जे कौशल्य नाशिकच्या कामगाराने दोन पिढ्यांत कमावले, त्यापैकी बऱ्याच भागाला या गाडीत स्थान नाही. तिच्या किंमतीतील सर्वांत मोठा हिस्सा घटमालेचा असून घटमालेतील घट प्रामुख्याने परदेशातून येतात. म्हणजे गाडी महाराष्ट्रात तयार झाली, तरी मूल्यवृद्धीचा मोठा वाटा बाहेर जातो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने विरल मृत्तिका चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा चलित्रांसाठीचे परावलंबनही उघड झाले.

या स्थित्यंतराचा पहिला फटका कायम कामगाराला बसत नाही. कंत्राटी कामगार, शिकाऊ उमेदवार आणि लघुउद्योगातील कामगार यांना तो आधी बसतो. कारण त्यांच्या बाबतीत वाटाघाटीची संघटित यंत्रणा क्वचितच असते. २०१९ च्या मंदीत बॉश कंपनीने नाशिक येथे काही दिवस उत्पादन बंद ठेवले. त्याचे कारण घटलेली मागणी हे होते, विद्युत् गाडी नव्हे. तरीही एका उत्पादनावर विसंबलेल्या परिसराची अवस्था त्यातून दिसून आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने कामगारकपातीसाठी शासनाच्या पूर्वपरवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली आहे. सुटे भाग बनविणारे अनेक मध्यम कारखाने त्यामुळे या परवानगीच्या कक्षेबाहेर पडतात.

कारखाना हस्तांतरित होताना कामगारांचे काय होते, याची दोन उदाहरणे उद्‌बोधक आहेत. तळेगाव येथे जनरल मोटर्स कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबविले. हा कारखाना विद्युत् गाड्यांत रस असलेल्या ग्रेट वॉल या चिनी कंपनीला विकण्याचा करार झाला होता; परंतु आवश्यक शासकीय मंजुऱ्या न मिळाल्याने जून २०२२ अखेर तो रद्द झाला आणि कामावरून दूर केलेल्या कामगारांचा लढा न्यायालयांत दीर्घकाळ चालला. याउलट फोर्डचा गुजरातमधील साणंद येथील कारखाना टाटांच्या विद्युत् वाहन कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये ताब्यात घेतला, तेव्हा वाहननिर्मितीतील सर्व पात्र कामगारांना नोकरी देऊ करण्याची अट करारातच होती. दोन्ही ठिकाणी जुने उत्पादन बंद पडले होते. कामगारांचे भवितव्य करारात आधीच लिहिले गेले की नाही, यावर फरक पडला.

लोकांची साशंकता : ग्राहकांच्या शंका प्रामुख्याने पल्ला, सुरक्षितता, किंमत आणि विजेचा उगम यांविषयीच्या आहेत. मुंबई–नाशिक हे अंतर सु. १६५ किमी. असून वाटेत कसारा घाटाची चढण आहे. हवापालटासाठी मुंबईहून देवळाली कॅम्पला येणाऱ्या कुटुंबाला ८० किमी. पल्ल्याच्या ‘रेवा’चा उपयोग नव्हता. ‘एक्सयूव्ही ४००’च्या ३९·४ किवॉ. तास घटमालेचा चाचणीतील पल्ला ४५६ किमी. सांगण्यात आला. वेग, चढण, वातानुकूलन व भार यांमुळे रस्त्यावरील पल्ला त्याहून कमी भरतो. तथापि हा प्रवास एका भारणात होऊ शकतो. उतारावर चलित्र जनित्राप्रमाणे वापरून काही ऊर्जा परत मिळविता येते. वाटेत भरवशाचे भारणकेंद्र मिळेल किंवा नाही, ही शंका मात्र गाडीच्या सुधारणेने दूर होत नाही.

सुरक्षिततेच्या शंकेला नाशिकमध्येच निमित्त मिळाले. ९ एप्रिल २०२२ रोजी पाथर्डी फाट्याजवळ वाहतुकीच्या कंटेनरमधील २० विद्युत् स्कूटर जळाल्या. त्या नाशिकच्याच एका कंपनीच्या होत्या. मनुष्यहानी झाली नाही. त्या उन्हाळ्यात देशात इतरत्रही विद्युत् दुचाकींना आगी लागल्या आणि जूनमध्ये मुंबईजवळ वसई येथे एका ‘नेक्सॉन’ला आग लागली. केंद्र शासनाने चौकशी करविली व घटमालांच्या चाचण्यांची मानके डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक केली. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारचे घट उष्णतेला अधिक स्थिर असल्याने त्यांचा वापर वाढला.

विजेच्या उगमाविषयीचा आक्षेपही नाशिककरांना परिचित आहे. नाशिक रोडजवळील एकलहरे येथील औष्णिक केंद्रात प्रत्येकी २१० मेवॉ.चे तीन संच असून ते कोळशावर चालतात. कोळशाच्या विजेवर भारित केलेली गाडी पूर्णतः निर्मळ म्हणता येत नाही. तरीही चलित्राची कार्यक्षमता एंजिनापेक्षा बरीच अधिक असते, शहरातील रस्त्यावर धूर होत नाही आणि सौर व पवन विजेचा वाटा वाढेल तसतशी तीच गाडी अधिक निर्मळ ठरते.

परदेशांतील अनुभव : हे प्रश्न केवळ महाराष्ट्राचे नाहीत. स्वीडनमध्ये टेस्ला या अमेरिकन कंपनीने सामूहिक वेतनकरारास नकार दिल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या कार्यशाळांतील कामगारांनी संप सुरू केला. गोदी व टपाल कामगारांनीही त्यास पाठिंबा दिला. जर्मनीत बर्लिनजवळील ग्रूनहाइड येथील तिच्या कारखान्याच्या विस्तारासाठी जंगल तोडण्यास फेब्रुवारी २०२४ मधील स्थानिक मतदानात बहुसंख्यांनी विरोध दर्शविला. हे मत बंधनकारक नव्हते; पुढे वृक्षतोड कमी करून विस्ताराच्या आराखड्यास मान्यता देण्यात आली. याच कंपनीने जुलै २०२५ मध्ये मुंबईत विक्रीदालन उघडले. तेथे आयात केलेल्या गाड्या विक्रीस ठेवण्यात आल्या.

मूल्यमापन : ग्राहकांची साशंकता तांत्रिक सुधारणा, कडक चाचण्या व भारणकेंद्रांची वाढ यांनी टप्प्याटप्प्याने ओसरू शकते, ‘रेवा’पासून ‘एक्सयूव्ही ४००’पर्यंतची वाटचाल याची साक्ष देते. कामगारांच्या प्रश्नाला असे आपोआप उत्तर नाही. शासकीय धोरणांनी गाडीच्या खरेदीदाराला व कारखानदाराला सवलती दिल्या. इंधनफवारक घडविणाऱ्या कामगाराच्या पुनर्शिक्षणाला तितके ठोस स्थान मिळाले नाही. चलित्राची गुंडाळी, घटमालेची जुळणी, शक्तिनियंत्रक इलेक्ट्रॉनिकी व घटांचे पुनश्चक्रीकरण ही कामे त्याला शिकविता येण्याजोगी आहेत. हे शिक्षण आणि ही कामे नाशिकसारख्या जुन्या केंद्रांत वेळेवर आली, तर तेथील यंत्रणकौशल्य नव्या उद्योगाचे भांडवल ठरेल. अन्यथा गाडी बदलण्याचा खर्च मुख्यतः लघुउद्योगातील व कंत्राटी कामगारालाच सोसावा लागेल.