'पॅराफिन' : एका संज्ञेचा आणि एका द्रव्यकुलाचा इतिहास

मोराव्हियातील ब्लान्स्को येथील लोखंडाच्या कारखान्याचा व्यवस्थापक कार्ल फोन रायखेनबाख याने १८३० मध्ये बीच वृक्षाच्या लाकडापासून निघणाऱ्या डांबरातून एक पांढरा, मेणासारखा पदार्थ वेगळा केला. आम्ले, अल्कली, क्लोरीन यांपैकी कशाचाही त्यावर परिणाम होईना. तेव्हा लॅटिनमधील 'पारुम' म्हणजे थोडे आणि 'आफिनिस' म्हणजे विवाहसंबंधाने जोडलेला, सोयरा, या दोन शब्दांवरून त्याने 'पॅराफिन' ही संज्ञा घडविली. द्रव्यांच्या परस्पर-आकर्षणाला युरोपीय रसायनज्ञ फार पूर्वीपासून सोयरिकीचाच शब्द वापरीत. त्यामुळे ज्याची कोणाशी सोयरीक जमत नाही असा पदार्थ, हा या नावातील निवाडा त्या काळच्या वाचकाला उघड दिसत असे.

हे नाव लवकरच बाजारात उतरले. स्कॉटिश रसायनज्ञ जेम्स यंग याने दगडी कोळशापासून मंद उष्णतेने तेल काढण्याचे पेटंट १८५० मध्ये घेतले, आणि ब्रिटनमध्ये 'पॅराफिन' म्हणजे दिव्याचे तेल असा अर्थ रूढ झाला. अब्राहम गेस्नर याने १८५४ मध्ये अशाच तेलाला दिलेले 'केरोसीन' हे नावही मेण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आले आहे. (मराठीतील 'घासलेट' मात्र 'गॅसलाइट'चा अपभ्रंश समजला जातो, तेथे तेलाला नाव मिळाले ते प्रकाशावरून.) पेन्सिल्व्हेनियात टायटसव्हिल येथे १८५९ मध्ये ड्रेकची विहीर लागल्यावर खनिज तेल विपुल झाले. निरनिराळ्या उत्कलनबिंदूंचे अंश ऊर्ध्वपातनाने वेगळे करणे, एवढाच प्रारंभीच्या शुद्धीकरणाचा गाभा होता.

या सुमारास प्रयोगशाळांत मात्र मोठा गोंधळ माजला होता. कोल्बे याने अॅसेटेटच्या विद्राव्यातून वीजप्रवाह सोडून एक वायू मिळविला व तो 'मेथिल' हा स्वतंत्र मूलक आहे असे मानले. फ्रँकलंड याने एथिल आयोडाइडवर जस्ताची क्रिया करून 'एथिल' मिळविल्याचे जाहीर केले. वस्तुतः पहिला वायू एथेन होता आणि दुसरा ब्यूटेन. त्यांतून एकाच घटनेचे दोन वायू मानले गेले : एक 'डायमेथिल', दुसरा 'एथिल हायड्राइड'. हा भेद १८६४ मध्ये मिटविला तो मँचेस्टर येथे काम करणाऱ्या कार्ल शोर्लेमर याने. दोन्हींवर क्लोरीनची क्रिया केली असता एकच एथिल क्लोराइड मिळते, हे त्याने दाखविले. निवाडा फिरविणारा पुरावा क्लोरीननेच दिला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रायखेनबाखच्या नावाला आधार देणाऱ्या पदार्थांत क्लोरीनही होता. शोर्लेमरचा मित्र एंगेल्स याने १८९२ च्या मृत्युलेखात सांगितले आहे की, त्या दिवसांत शोर्लेमर अनेकदा स्फोटांनी जखमी झालेला चेहरा घेऊन येत असे. 'अल्प-सोयऱ्या' द्रव्यांशी व्यवहार इतका निरुपद्रवी नव्हता!

कुळ एकच आहे हे ठरल्यावर नावांची शिस्त आवश्यक झाली. १८६६ मध्ये होफमान याने सुचविलेली योजना भाषिक दृष्ट्याही मोठी कल्पक आहे. शब्दाचा सांगाडा तोच ठेवून प्रत्ययातील स्वर रोमन वर्णमालेतील स्वरांच्या क्रमाने बदलावयाचा. दर बदलाला दोन हायड्रोजन अणू कमी. मराठीने ही नावे इंग्रजी उच्चारानुसार घेतल्याने मूळची स्वरमाला येथे अल्केन, अल्कीन, अल्काइन अशी ऐकू येते आणि तिच्यातील क्रम झाकला जातो. होफमानने चार कार्बनांच्या द्रव्याला लॅटिन संख्येवरून 'क्वार्टेन' म्हटले होते. ते टिकले नाही. लोण्यातील आम्लावरून आलेले 'ब्यूटेन' टिकले, आणि पाचपासून पुढे ग्रीक संख्यांचे राज्य सुरू झाले. व्यवस्थेपेक्षा रूढी बलवत्तर ठरण्याचे हे एकच स्थळ नव्हे. १८९२ च्या जिनिव्हा परिषदेने सर्वांत लांब साखळीवरून नाव देण्याचा नियम घालून दिला.

विसाव्या शतकात मोटारींमुळे हलक्या तेलाची मागणी वाढली. १९१३ मध्ये बर्टन याच्या पद्धतीने, उष्णता व दाब यांच्या योगे लांब साखळ्या तोडून पेट्रोल बनविण्यास औद्योगिक रूप आले. क्लोरीनच्या क्रियेचेही मर्म उलगडले : अंधारात व थंड स्थितीत मिथेन आणि क्लोरीन शेजारी निवांत असतात, प्रकाशाने क्लोरीनचा रेणू फुटला की एक सुटा अणू हजारो रेणूंची साखळी पुढे चालवितो. अडसर होता तो आरंभाचा. अतितीव्र आम्लांत मिथेनही प्रोटॉन स्वीकारतो, हे १९६०च्या दशकात ओला याने दाखविले. अशा संशोधनासाठी त्यास १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८२ मध्ये बर्गमन याने इरिडियमच्या संयुगाकडून अल्केनमधील कार्बन-हायड्रोजन बंध उघडविला.

तरीही मिथेनपासून एका टप्प्यात मेथॅनॉल करण्याचा स्वस्त मार्ग उद्योगांना अद्याप गवसलेला नाही. मेथॅनॉल हे मिथेनहून अधिक सहज ऑक्सिजनशी संयोग पावते, त्यामुळे क्रिया मध्येच थांबविणे कठीण जाते. म्हणून कारखान्यांत मिथेनचे आधी कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांच्या मिश्रणात रूपांतर करावे लागते आणि त्या मिश्रणापासून मेथॅनॉल बनविले जाते.