सावत्र मूल, दत्तक आणि उत्तर कोकणचा कायदा

१/ थ्रेड: आईने दुसरा संसार मांडला, तर तिचे बोट धरून आलेले मूल कोणत्या घराण्याचे? शहापूर-मुरबाडच्या गावांत या प्रश्नाला घर एक उत्तर देते आणि सातबारा दुसरे. या तफावतीला मोठा इतिहास आहे.

२/ स्मृतींनी पुत्रांचे बारा प्रकार सांगितले. वधू गरोदर असताना विवाह झाला, तर जन्मणारा तो ‘सहोढ’. पुनर्विवाहित स्त्रीला दुसऱ्या पतीपासून झालेला तो ‘पौनर्भव’. मात्र पहिल्या संसारातून सोबत आलेल्या मुलाला या यादीत स्वतंत्र नाव नाही. पुढे निबंधकारांनी कलियुगात औरस आणि दत्तक हे दोनच पुत्र मान्य केले.

३/ ठाणे जिल्हा उत्तर कोकणात मोडतो. ब्रिटिश न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’ला अग्रमान दिला. नीलकंठ सतराव्या शतकातले, मूळ पैठणच्या व काशीत स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातले.

४/ दत्तकाचा गाभा मात्र सर्वत्र एकच: दान आणि प्रतिग्रह. कोणी तरी मूल द्यावे लागते, कोणी तरी ते घ्यावे लागते. सावत्र बाप घेण्यास तयार असतोच. पण देणार कोण? पेच नेमका येथे होता.

५/ कुणब्यांसारख्या अनेक जातींत विधवेचा पाट लावण्याची रूढी जुनीच होती. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने पुनर्विवाहाला सर्वत्र कायदेशीर मान्यता दिली, पण किंमतही वसूल केली. कलम २ नुसार मृत पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क संपे. कलम ३ नुसार मृत पतीचे आईवडील, आजीआजोबा किंवा पुरुष नातलग मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याचा अर्ज करू शकत.

६/ पाटाची रूढी असलेल्या जातींनाही मिळकतीचा हा नियम लागू होतो, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८९६ मध्ये ठरवले. १८९९ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की, पहिल्या पतीने स्पष्ट अधिकार दिला नसेल, तर पुनर्विवाहित विधवेला त्याचा मुलगा दत्तक देता येत नाही. पुढच्या निकालांत यावर मतभेद झाले. पण तोवर आईच्या अधिकारावर प्रश्नचिन्ह लागले होते.

७/ १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला आणि मुलीलाही दत्तक घेण्याची वाट खुली झाली. पिता मृत असेल तर आई मूल देऊ शकते. तो हयात असेल, तर घटस्फोटानंतरही साधारणतः त्याची संमती लागते. २०१० च्या दुरुस्तीने देण्याचा अधिकार आई आणि वडील दोघांना समान झाला.

८/ अटी मात्र कडक आहेत. मूल पंधरा वर्षांच्या आतले हवे, रूढी वेगळी असल्यास अपवाद. मुलगा दत्तक घ्यायचा, तर घेणाऱ्याला स्वतःचा मुलगा, नातू वा पणतू हयात नसावा. म्हणजे सावत्र बापाला आधीचा मुलगा असेल, तर ही वाट बंद.

९/ शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली हे अनुसूचित जमातींत असल्याने, केंद्राच्या स्वतंत्र अधिसूचनेशिवाय १९५६ चा कायदा त्यांना लागू होत नाही. तेथे रूढी बोलते, आणि न्यायालयात ती सिद्ध करावी लागते.

१०/ तिसरी वाट धर्मनिरपेक्ष आहे: २०१५ चा बाल न्याय कायदा आणि त्याखालील २०१७ व २०२२ चे दत्तक नियम. जन्मदाते व सावत्र पालक मिळून केंद्रीय पोर्टलवर नोंदणी करतात, संमतिपत्रे जोडतात. स्वतःचा मुलगा असण्याची अडचण येथे नाही. आदेशाचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीने न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे दिला; मात्र प्रलंबित प्रकरणांच्या हस्तांतरणाला मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम स्थगिती दिली.

११/ एवढा खटाटोप कशासाठी? शाळेच्या दाखल्यावर वा रेशनकार्डावर सावत्र बापाचे नाव लागले, म्हणून दत्तक होत नाही. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यात सावत्र मुलगा ‘मुलगा’ म्हणून वारस ठरत नाही. सावत्र आईच्या मिळकतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये हेच सांगितले.

१२/ दुसरी बाजूही आहे. दत्तक गेल्यावर जन्मदात्या कुळाशी कायदेशीर नाते तुटते. मृत बापाची जी जमीन आधीच मुलाकडे आली, ती त्याचीच राहते. पण पुढे त्या कुळातून मिळू शकणारा वारसा जातो.

१३/ जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पुनर्विवाहित विधवा मुलाची नैसर्गिक पालक असल्याने त्याचे आडनाव ठरवू शकते आणि त्याला नव्या पतीस दत्तकही देऊ शकते. १८५६ मध्ये जिचे पालकत्वच दिराच्या वा सासऱ्याच्या अर्जावर टांगले होते, तिचा मूल दत्तक देण्याचा अधिकार १६६ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मान्य केला.