त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या : निदानाचा इतिहास आणि वऱ्हाड

रुक्मिणीचे माहेर म्हणून परंपरेने मानलेले कौंडण्यपूर वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर आहे. नदीच्या दोन्ही अंगांच्या जिल्ह्यांत विसाव्या शतकात कुष्ठसेवेची मोठी कार्ये उभी राहिली : वर्ध्याजवळ मनोहर दिवाण यांचे दत्तपूर (१९३६), अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन (१९४६). अंगावरील डागाने माणूस जेथे घरास व गावास पारखा होई, तेथे डागाचे अचूक निदान हा केवळ वैद्यकाचा प्रश्न नव्हता.

त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या कायमच्या विस्फारून तांबड्या जाळीसारख्या दिसतात, त्या विकारास टेलँजिएक्टेसिया म्हणतात. त्याचा अंगभर पसरणारा एक प्रकार बहुधा प्रौढ स्त्रियांत पायांपासून सुरू होऊन वर चढतो. तो सहसा निरुपद्रवी असतो. तथापि तसे ठरविण्यापूर्वी अन्य कारणे वगळावी लागतात. १९०१ मध्ये ऑस्लर याने वर्णिलेल्या आनुवंशिक प्रकारात नाकातून वारंवार रक्त वाहते. यकृताच्या विकारांतही अशा वाहिन्या दिसतात. मेक्सिकोत लुसिओ व आल्वारादो यांनी १८५२ मध्ये वर्णिलेल्या कुष्ठाच्या विरळ प्रकारातही त्या आढळतात. म्हणजे कुष्ठाची शंका सर्वस्वी निराधार नव्हे. शंकेलाच निदान मानणे मात्र घातक होय.

काच दाबली असता विस्फारलेल्या वाहिनीची लाली मावळते, त्वचेत झिरपलेल्या रक्ताचा डाग मात्र तसाच राहतो. परंतु कुष्ठाचा निर्णय काचेने होत नाही. त्यासाठी स्पर्शज्ञानाचा लोप, जाड झालेल्या मज्जा आणि हॅन्सनने १८७३ मध्ये शोधलेले जंतू पाहावे लागतात. सावळ्या त्वचेवर लाली अंधुक दिसते, म्हणून येथे ही तपासणी अधिकच काळजीपूर्वक करावी लागते.

उपचारांतही वर्णाचा विचार सुटत नाही. अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार लेसरचा प्रकाश रक्तातील रंगद्रव्य शोषून घेते व वाहिनी तापून मिटते. परंतु त्वचेतील कृष्णरंजकही तो प्रकाश शोषते. त्यामुळे सावळ्या त्वचेस भाजण्याचे व डाग पडण्याचे भय अधिक असते. प्रथम लहानशा जागी प्रयोग करणे हेच श्रेयस्कर. विकार निरुपद्रवी ठरल्यास उपचार न करणेही योग्यच होय.

निराधार कुष्ठरुग्णांस आश्रमांत कोंडण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कायदा गेला, तरी डाग पाहताच दूर सरण्याची वृत्ती कायद्याने जात नाही. त्या वृत्तीवर स्पष्ट निदान हाच पहिला उपचार ठरतो.