मागील दिवे, जुन्या मोटारगाडीचे

मोटारगाडीच्या मागील बाजूस बसविलेले व मागून येणाऱ्या चालकास गाडीचे अस्तित्व दाखविणारे तांबडे दिवे. हे दिवे गाडीच्या चालकास स्वतःला दिसत नसल्याने त्यांतील बिघाड पुष्कळदा दीर्घकाळ लक्षात येत नाही.

प्रारंभीच्या मोटारगाड्यांत घोडागाडीप्रमाणे तेलाचे दिवे वापरीत. 1912 मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने विद्युत् प्रारंभक व विद्युत् दिवे यांची एकत्रित प्रणाली प्रचारात आणली आणि पुढे विद्युत् दिवे सार्वत्रिक झाले. महाराष्ट्रात वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेल्या फियाट 1100 गाड्यांपैकी अनेकींना आता 50 वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. 2021 मध्ये केंद्र शासनाने केलेल्या नियमांनुसार, मूळ स्वरूपात राखलेल्या एवढ्या जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते.

जुन्या गाडीत दिव्यापर्यंत एकच तार नेलेली असते. परतीचा विद्युत् प्रवाह गाडीच्या पत्र्यातून व सांगाड्यातून घटमालेकडे जातो. त्यामुळे होल्डर व पत्रा यांमध्ये गंज किंवा रंगाचा थर आल्यास तार शाबूत असूनही दिवा मंद होतो. 6 व्होल्टच्या गाडीत हा दोष अधिक जाणवतो. 21 वॉटचा दिवा 6 व्होल्टवर सु. 3.5 अँपिअर, तर 12 व्होल्टवर 1.75 अँपिअर प्रवाह घेतो. गंजामुळे 0.5 ओहम रोध निर्माण झाल्यास 12 व्होल्टच्या दिव्याचा दाब थोडाच घटतो. 6 व्होल्टच्या दिव्याचा मात्र एक पंचमांशाहून अधिक घटून त्याचा प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो.

दुरुस्तीपूर्वी घटमालेचे एक अग्र सोडवितात. होल्डरमधील गंज खरवडून तळाची स्प्रिंग व स्पर्शक तपासतात आणि होल्डर टेकतो तेथील पत्रा चकचकीत होईपर्यंत घासतात. सांगाड्यापर्यंत वेगळी तार जोडणे अधिक विश्वसनीय ठरते. जुन्या तारांवरील रबर व सुती वेष्टन ठिसूळ होऊन गळते. अशी तार चिकटपट्टीने न झाकता बदलणेच योग्य. मागील व ब्रेकचा असे दोन तंतू असलेल्या दिव्याच्या दोन खुंट्या कमीजास्त उंचीवर असतात, म्हणून तो होल्डरमध्ये उलटा बसत नाही. तो जबरदस्तीने बसवू नये. ब्रिटिश बनावटीच्या पुष्कळ गाड्यांत 1960 नंतरच्या काही वर्षांपर्यंत घटमालेचे धन अग्र सांगाड्यास जोडीत. तंतूच्या दिव्यास याने फरक पडत नाही. अलीकडील एलईडी दिवा मात्र उलट जोडणीत सहसा पेटत नाही.

वाशिम जिल्ह्यातील शेलूबाजारजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. अशा मार्गावर ताशी 120 किमी. वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सु. 33 मी. अंतर तोडते. त्यामुळे अंधारात मंद दिव्याची जुनी गाडी मागच्याला उशिरा दिसणे जिवावर बेतू शकते. म्हणून दुरुस्तीनंतर दिवे व ब्रेक चालू करून, दुसऱ्या व्यक्तीस काही अंतरावर मागे उभे करून खात्री करून घेणे आवश्यक असते.