वाघाने स्वतःच काढलेले छायाचित्र

लंडनच्या ‘द इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या सचित्र साप्ताहिकाच्या ३ ऑक्टोबर १९२५ च्या अंकात वाघाची काही कृष्णधवल छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्यांतील वाघ जिवंत होता. आजच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. तथापि त्या काळी वाघाचे छायाचित्र म्हणजे हातात बंदूक घेऊन उभा असलेला साहेब वा संस्थानिक आणि त्याच्या पायाशी पडलेले निष्प्राण धूड, अशीच रूढ समजूत होती. जिवंत वाघ रात्रीच्या वेळी आपल्याच रानातून, आपल्याच वाटेने चालला आहे, हे दृश्य युरोपनेच काय, हिंदुस्थानातही फार थोड्यांनी पाहिले असेल.

ही छायाचित्रे फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या वनाधिकाऱ्याची. त्यांचा जन्म १८९३ साली इंग्लंडमधील सरे येथे झाला. वडील जॉर्ज चार्ल्स चॅम्पियन हे कीटकशास्त्रज्ञ. थोरले बंधू हॅरी हेही पुढे वनखात्यात आले आणि भारतातील वनांच्या प्रकारांचे वर्गीकरण करून नावारूपास चढले. फ्रेडरिक १९१३ साली प्रथम पोलीस खात्यात रुजू झाले. मग महायुद्ध आले. ते संपल्यावर संयुक्त प्रांताच्या वनखात्यात त्यांची नेमणूक झाली आणि शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याची अरण्ये ही त्यांची कर्मभूमी ठरली. शिकारीचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

मूळ कल्पना मात्र त्यांची नव्हे. जॉर्ज शिरास या अमेरिकन वकिलाने मिशिगनच्या तळ्यांवर, रात्री होडीतून फिरून, भडक्याच्या उजेडात हरणांची छायाचित्रे घेतली होती. जुलै १९०६ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने त्यांतील ७४ एकाच अंकात छापली. जनावराने स्वतःच तार ओढून स्वतःचे चित्र काढावे, ही युक्तीही शिरास यांनी वापरली होती. परंतु बुजरे हरीण वेगळे आणि वाघ वेगळा.

जवळून घ्यावयाच्या चित्राची रचना म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एक ठराविक क्रम येतो. छायाचित्रकार भिंगातून पाहतो, किंचित डावीकडे सरकतो, क्षण हेरतो आणि कळ दाबतो. चॅम्पियन यांच्या रात्रीच्या चित्रांत यातले काहीच शक्य नव्हते. चित्र उमटे त्या वेळी ते तेथे हजरच नसत! वाटेवर आडवी बारीक तार बांधायची. वाघाचा पाय तिला लागला की कॅमेऱ्याची झडप उघडायची आणि त्याच क्षणी मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडायचा. म्हणजे सारी रचना दिवसाउजेडी, वाघ नसताना, रिकाम्या वाटेकडे पाहून ठरवावी लागे. तो कोणत्या दिशेने येईल? पाय तारेला लागेल तेव्हा मस्तक कोठे असेल आणि शेपूट कोठे? भिंगाचे अंतर आधीच पक्के केलेले. जनावर थोडे पुढे-मागे झाले की मुद्रा पुसट. कॅमेरा फार जवळ मांडला तर कान वा पंजे चौकटीबाहेर जात. दूर मांडला तर उजेड पुरत नसे, कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो. वाघाच्या इतके जवळ जाणे ही निव्वळ हौस नव्हती, ती प्रकाशानेच घातलेली अट होती. त्याच अटीपायी या चित्रांना त्यांचे खास रूप लाभले: समोर लख्ख उजळलेला वाघ, गवताची दोन-चार पाती आणि मागे निखळ काळोख.

विद्यार्थिदशेत उसन्या कॅमेऱ्याने तळ्याकाठच्या खंड्याचे चित्र घेण्याचा घाट मी घातला होता. छापून आले ते एका फांदीचे उत्तम चित्र आणि तिच्यावर एक ठिपका. चॅम्पियन यांच्या चिकाटीची कल्पना मला तेव्हापासून थोडीबहुत आहे.

ही रचना यंत्राच्या ज्ञानावर जितकी, तितकीच वाघाच्या ओळखीवर उभी होती. वाघाच्या पंजाच्या गाद्या मऊ असतात. काट्याकुट्यांतून जाण्यापेक्षा तो पायवाटा, गाडीरस्ते आणि ओढ्यांची कोरडी वाळू पसंत करतो. तेथील ठसे वाचून तारेची जागा ठरवावी लागे. त्यातही भुकटी एकदा जळली की त्या रात्रीचा खेळ संपला. मग ती पेटवणारा वाघ असो की साळिंदर. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ या त्यांच्या ग्रंथामागे असे कष्ट आहेत. ही छायाचित्रे पाहून जिम कॉर्बेट यांच्यासारखा नाणावलेला शिकारीही कॅमेऱ्याकडे वळला.

माझ्या मते या चित्रांचे खरे मोल आणखी एका गोष्टीत आहे. रंग नसल्यामुळे पाहणाऱ्याची नजर पट्ट्यांवरच खिळते. छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहताना चॅम्पियन यांच्या ध्यानी आले की, कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात; पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखता येतो. ‘वाघ’ या जातीच्या जागी ‘हा वाघ’ असे म्हणणे त्यामुळे शक्य झाले.

या शोधाचा उपयोग करायला आपल्याला फार उशीर लागला. अनेक वर्षे आपण वाघ मोजले ते पावलांच्या ठशांवरून. कागदोपत्री वाघ नांदत असलेल्या राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात २००५ साली एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा त्या मोजणीतील फोलपणा साऱ्यांना दिसला. डॉ. उल्लास कारंथ यांनी तत्पूर्वीच, १९९० च्या दशकात, कर्नाटकातील नागरहोळे येथे स्वयंचलित कॅमेरे लावून पट्ट्यांवरून गणना करण्याची शास्त्रीय पद्धत बसवली होती. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. त्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे टिपली आणि त्यांतून बछडे वगळता २,४६१ वाघ एकेकटे ओळखता आले. आता वाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरे असतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजवीवरच्यांशी जुळत नाहीत. या चित्रांत रचनेची फिकीर कोणी करीत नाही. अर्धा वाघ आला तरी चालतो, पट्टे आले म्हणजे झाले.

चॅम्पियन यांना यातले काही पाहायला मिळाले नाही. १९४७ साली त्यांनी भारत सोडला व ते पूर्व आफ्रिकेत गेले. १९७० मध्ये स्कॉटलंड येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी भारतात वाघाच्या शिकारीवर बंदी आली.