बागेखालचे पाणी



मुरबाडकडच्या एका गुरुजींचे पत्र आले आहे. ते लिहितात, “आमच्या शाळेचा वर्धापनदिन कार्तिकात येतो. यंदा मुलांना मुंबईची समुद्राकाठची बाग दाखवावी असा विचार आहे. कसे जावे आणि मुलांना काय सांगावे?” प्रश्न दोन आहेत. पहिला सोपा आहे. दुसऱ्यासाठी थोडा इतिहास उकरावा लागेल.

दिवस ठरवताना आधी शेताकडे पाहा. भातकापणी चालू असताना सहल काढलीत, तर निम्मी मुले आईबापांबरोबर खाचरात असतील. कापणी होऊन भारे खळ्यावर आले की निघावे. शहापूरकरांना आसनगावची गाडी आहे. मुरबाडला रेल्वे नाही, तेव्हा एस.टी.ने कल्याण गाठावे. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले की मलबार टेकडीकडे बस जाते. भाकरी बरोबर असावी. झाला पहिला प्रश्न!

आता दुसरा. या बागेला लोक हँगिंग गार्डन म्हणतात. मुले वर जाऊन पाहतील, तर काहीच टांगलेले नाही! हिरवळ आहे, प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपे आहेत, समोरच्या कमला नेहरू उद्यानात म्हातारीचा बूट आहे आणि तिथून खाली चौपाटीचा समुद्र दिसतो. मग एखादा पोरगा विचारीलच, “गुरुजी, बाग टांगली कुठे?” त्याला सांगा, “बाळ, तू छपरावर उभा आहेस. खाली पाण्याचे टाके आहे.”

हीच या बागेची खरी गोष्ट. जुनी मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत असे. वस्ती वाढली, पाणी पुरेना. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी आले, १८७९ मध्ये तुळशीचे. माठ जसा आपण उंच तिवईवर ठेवतो, तसा टेकडीच्या माथ्यावर जलाशय बांधला, म्हणजे पाणी आपल्याच भाराने खालच्या घरांत उतरावे. त्या जलाशयाच्या छपरावर १८८० च्या सुमारास ही बाग उभी राहिली. १९२१ मध्ये तिची नव्याने रचना झाली. मुंबईच्या नगरकारभाराला वळण देणारे फिरोजशहा मेहता यांचे नाव तिला आहे.

पण विहार-तुळशीने शहराची तहान भागली नाही. मग शहराची नजर आपल्या शहापूर तालुक्यावर गेली. तानसा नदीवर सुमारे २८०० मीटर लांबीचा दगडी बांध घातला गेला आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी मुंबईला निघाले. इथेही युक्ती तीच : उगम उंच, शहर सखल, पाणी उताराने चालते. पुढे वैतरणेवर मोडकसागर झाला, नंतर भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज मुंबईला सर्वांत जास्त पाणी भातसा देते. म्हणजे मुले ज्या हिरवळीवर डबा खातील, तिच्याखालचे पाणी बहुतेक आपल्याच डोंगरांवर पडलेल्या पावसाचे!

हे ऐकून मुलांची छाती फुगेल. पण एखादी मुलगी गप्प राहील. तिची आई वैशाखात टँकरची वाट पाहत हंडे घेऊन रांगेत उभी असते. ती विचारील, “मग आमच्या पाड्यावर पाणी का नाही?” हा प्रश्न टाळू नका. आपल्याकडे पाऊस उदंड, पण खाली काळा कातळ. पाणी त्यात फार मुरत नाही, ओढ्यांनी निघून जाते. धरणे खोऱ्यात, पाडे वरच्या अंगाला. खालचे पाणी वर चढवायचे तर पंप हवा, वीज हवी, नळ हवेत आणि ते सगळे मागणारा आवाज हवा. शहराचा आवाज मोठा होता, पाड्याचा लहान. भातसासाठी कित्येक कुटुंबांनी घरे आणि शेते सोडली, हेही मुलांना कळू द्या.

आवाजाने काय होते, तेही त्याच बागेत शिकता येते. २०२३ मध्ये तो जुना जलाशय पाडून नवा बांधण्याचे घाटत होते. त्यात पुष्कळ झाडे जाणार होती. तिथल्या नागरिकांनी हरकत घेतली, तज्ज्ञांनी टाक्यात उतरून पाहणी केली आणि पुढे नवे बांधण्याऐवजी दुरुस्तीचा मार्ग धरला गेला. लोकांनी माहिती काढली, प्रश्न विचारले, म्हणून हे झाले. पाड्यावरच्या माणसालाही हे करता येते; त्याची सुरुवात शाळेतून व्हावी.

म्हणून गुरुजी, माझी एक सूचना. सहल बागेपासून सुरू करू नका. आधी एक दिवस सरळगाव-किन्हवलीवरून शहापूर गाठून मुलांना तानसाचा बांध दाखवा. परवानगी आगाऊ काढून ठेवा. तेवढे न जमले, तर पाण्याचे ते भले मोठे नळ तरी दाखवा. आपल्या मुरबाडच्या बाजूला बारवीचे धरण आहे; ते पाणी कोणत्या शहरांना जाते, तेही मुलांकडून शोधून घ्या. मग मुंबईस जा. जे पाणी निघताना पाहिले, ते पोचलेले पाहू द्या.

परत आल्यावर निबंध लिहायला लावाल, तो “मी पाहिलेली बाग” असा नको. “आमचे पाणी कुठे जाते?” असा द्या. त्या गप्प मुलीचा निबंध वर्धापनदिनाला सगळ्या गावासमोर वाचायला लावा आणि सरपंचांना पहिल्या रांगेत बसवा.